पंधराव्या मात्रेनंतर

दिगंबर फोटोग्राफरवर माझा कधीच विश्वास नव्हता. नारायण पेठेत जिन्याखाली त्याचं दुकान. दिवसभर पासपोर्टचे फोटो काढायचा आणि संध्याकाळी माझ्या कथकच्या क्लासबाहेर पायरीवर येऊन बसायचा. कॅमेरा नाही, काही नाही, नुसती मांडीवर बोटं आपटत. आत वयात आलेल्या मुली. मी सरळ विचारलं, "अहो, आपलं इथे काय काम?"

"मात्रा मोजतोय, बाई. पाय समेवर पडलेला दिसला, मग बटण दाबलं, की उशीर झालेला असतो. सोळातली पंधरावी मात्रा गेली की कानानंच दाबावं लागतं."

म्हटलं, थापा बऱ्या मारतो. पण फोटो असा काढायचा की बघताना घुंगरू ऐकू यावेत. बारा वर्षं माझे सगळे कार्यक्रम त्यानेच टिपले. तरी निगेटिव्ह स्वतःकडेच ठेवतो, हे मला खुपायचं. कॅलेंडरवाल्यांना विकत असला म्हणजे?

त्र्याहत्तर सालच्या कार्यक्रमाचे फोटो मात्र देईना. आधी म्हणे रोल खराब झाला, मग म्हणे धुवायचाय. मी दिसले की आत सटकायचा. पुढच्या महिन्यात माझा मोठा कार्यक्रम, पत्रिकेवर फोटो हवा. माझं डोकंच फिरलं. दुकानात शिरले आणि खण ओढला. 'सरोजिनीबाई' लिहिलेलं पाकीट वरच होतं.

बारा फोटो. बाराही फोटोंत माझा पाय हवेत.

"तुमचं बोट चुकायला लागलं," मी म्हणाले. "हे लपवत होतात होय?"

फोटोच्या कोपऱ्यात तबलजी दिसत होते, तिकडे त्याने नुसतं बोट दाखवलं. त्यांचा हात तबल्यावर पडलेला होता. बाराही फोटोंत.

सम गाठायला मलाच उशीर झाला होता.

"कधीपासून?"

"गेल्या गणपतीपासून, बाई. तेव्हा असे दोनतीनच होते. ते तुम्हाला दिलेच नाहीत."

मला त्याचा भयंकर राग आला. तशीच छापखान्यात गेले आणि पत्रिकेवर माझ्या जागी माझ्या शिष्येचं, हेमाचं, नाव घालायला सांगितलं. घरी येऊन पोटभर रडले.

हेमाच्या कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत होते. कान तबल्याकडे आणि डोळे दिगंबरच्या बोटावर. निदान एकदा तरी त्याचं चुकावं, अशी फार इच्छा होती.

एकदाही चुकलं नाही.