कुसुमला आणायला गेलो तेव्हा

सांगलीहून निघालो तेव्हाच डोकं फिरलेलं होतं. माधवनगरच्या फलाटावर जो भेटेल तो सांगत होता, "तिकडे पटकी आहे, जाऊ नका." जणू मी हवा पालटायला चाललो होतो! वाईजवळच्या एका गावात शाळेतच पटकीचा तात्पुरता दवाखाना उघडला होता आणि माझी धाकटी बहीण कुसुम तिथे नर्स होती. तिकडून आलेल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं, "बहिणीला घेऊन या. ती जेवत नाही, बोलत नाही."

वाठारला उतरून मोटार धरली. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं; मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. पहिल्याच चढाला आमची मोटार धापा टाकून थांबली.

"उतरा गड्यांनो, जरा हात लावा," ड्रायव्हर शांतपणे भट्टी ढवळत म्हणाला. "लय (फार) चढ न्हाई."

ढकलत वर पोचेपर्यंत कोटावर काजळी बसली. समोर उन्हात पांडवगड उभा होता. एरवी मी थांबून पाहिला असता.

शाळेत फिनेलचा उग्र वास होता. वर्गांतली बाकं काढून खाटा टाकलेल्या. कुसुम बादलीपाशी हात धूत होती. "आलास, दादा?" एवढंच म्हणाली आणि धूतच राहिली. बोटांची सालं निघाली होती.

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्यापुढच्या चहावर साय धरली होती.

"तिला मी घेऊन चाललोय," मी म्हणालो.

"आणि इथं कोण? दुसरी नर्स मागून मागून थकलो. वरून एकच उत्तर येतं, व्यवस्था होत आहे."

"अहो, ती आजारी आहे!"

"दिसतंय मला," ते म्हणाले. त्यांची पापणी सारखी उडत होती.

भांडायचं तरी कुणाशी? मग मी कुसुमवरच चिडलो. "तू इथं आडवी पडलीस म्हणजे काय करायचं आम्ही?"

ती पायरीवर बसली. "परवा एक पोरगी गेली, दादा. तिची आई ऊर बडवून रडत होती, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? बरं झालं, एक खाट मोकळी झाली. मी माणूस राहिले नाही रे."

माझा राग जागच्या जागी थिजला. शेजारी सोनाबाई बसली होती. पटकीतून नुकतीच उठलेली, मुलगा पलटणीत, घरी जायची घाई नाही.

"आवं बाई, तुमी रातध्याड जागला म्हनून आमी हाय," ती म्हणाली. "आता जावा घरला. पानी पाजायला, घान काढायला मी हाय न्हवं?"

"पाणी उकळूनच..."

"व्हय, ठावं हाय. तुमीच तर शिकवलंसा."

दारात उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर निभावू आम्ही. जा तू."

कुसुम प्रत्येक खाटेपाशी थांबून मग निघाली. सोनाबाईने भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) फडक्यात बांधून दिला.

परतीच्या गाडीत कोरेगाव सुटल्यावर कुसुम एकदम बोलू लागली. "चंपा नाव होतं तिचं. बांगड्या मागत होती, लाल." आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली. डबाभर चौकशा सुरू झाल्या. काय झालं, कोण वारलं, पाणी हवं का? दिवसभराचा माझा वैताग तिथं बाहेर पडला.

"रडू द्या हो तिला!" मी ओरडलो.

ती मनसोक्त रडली. मग तिने भाकरीचं फडकं सोडलं, निम्मी भाकरी खाल्ली आणि टाकारीच्या आधीच माझ्या खांद्यावर झोपली. खांदा बधिर झाला तरी माधवनगरपर्यंत मी हललो नाही.

आठवड्यानंतर ती परत जायला निघाली. मी खूप भांडलो. मागितलेली नर्स अजून आली नव्हती, आणि पटकी ओसरल्यावरच ती येईल याची मला खात्री होती.

"जाऊन असं काय दिवे लावणार आहेस?" मी चडफडत विचारलं.

"आधी डॉक्टरांना घरी पाठवणार," कुसुम म्हणाली. "त्यांना न्यायला कुणी आलंच नाही, दादा."