खाऱ्या पाण्यावरचा गहू

संस्कृती का बुडतात, हे मी अमरावतीच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं. 'ऱ्हासाची कारणे लिहा' असा पाच मार्कांचा प्रश्न हमखास यायचा, आणि मी कारणं अशी आखून द्यायचो की पोरं डोळे मिटून ती उतरवायची. परकी आक्रमणं, नद्यांनी बदललेली पात्रं, बसलेला व्यापार आणि चौथ्या क्रमांकावर जमिनीत साठलेलं मीठ. मीठ हे माझं आवडतं कारण होतं. दोन नद्यांच्या मधल्या त्या जुन्या देशात माणसांनी कालवे काढले, उन्हात भाजणाऱ्या जमिनीवर गहू पिकवला, गव्हाच्या जोरावर शहरं उभी केली, आणि मीठ हळूहळू वर येत राहिलं. आधी गहू हटला. मग त्यांनी मीठ सोसणारं जव पेरलं. मग जवही हटलं आणि माणसं निघून गेली. इथं आलो की मी खडू टेबलावर ठेवायचो. वर्ग चिडीचूप व्हायचा. आपण फार छान शिकवतो असं मला वाटायचं.

मी स्वतः खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत, आमची गावं पसरलेली आहेत. वर पुरुषभर खोल काळी माती, आणि खाली कुठंही खणा, पाणी खारं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहातलं दूध फाटतं. आमच्याकडे मुलगी द्यायची म्हटली की लोक घरदार नंतर पाहतात, आधी पाण्याचं विचारतात. माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, लग्न त्यापायी तीन वर्षं लांबलं. शेवटी वहिनी आली ती वरूडकडची, संत्र्याच्या आणि गोड्या पाण्याच्या मुलखातली. टँकरचं पाणी भरलं की आजही ती आधी पिंपावर झाकण ठेवते आणि मग बाकीच्या कामांना लागते.

बाबांचा एक नियम होता. वावराच्या कोपऱ्यात आजोबांच्या वेळची विहीर होती. तिचं पाणी बैलांना पाजायचं, अवजारं धुवायची, पण बादलीत उरलेलं पाणी वावरात ओतायचं नाही. ते उचलून पांदणीत न्यायचं आणि गाडीवाटेवर टाकायचं. दहाएक वर्षांचा असताना मी कंटाळून अर्धी बादली तिथल्या तिथं नांगराच्या तासात रिकामी केली, तर बाबांनी खाडकन थोबाडीत दिली. त्यांनी मला उभ्या जन्मात मारलं ते तेवढंच. पावसावर कपाशी आणि मूग, पाऊस सरला की जमिनीतल्या ओलीवर हरभरा, आणि होळीनंतर काहीच नाही, हे आमचं शेत. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि बाबा त्यांच्याकडे पाहून खूश असायचे. पुढे एम. ए. झाल्यावर मी स्टाफरूममध्ये हा बादलीचा किस्सा रंगवून सांगायचो आणि म्हणायचो, आमच्या वडिलांचं हे पाण्याचं सोवळं. सगळे हसायचे. मीही हसायचो, लाज वाटत नव्हती.

सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. त्याच्या आदल्या हिवाळ्यात एका सहकाऱ्यानं मला शेंदूरजनाघाटला त्याच्या संत्र्याच्या बगीच्यात नेलं होतं. झाडाखाली खाटा टाकलेल्या, पायाखाली ओल, वर फळांनी वाकलेल्या फांद्या. जेवताना कुणीतरी विचारलं, "सर, तुमच्याकडं उन्हाळ्यात काय असते?" मी म्हणालो, "भेगा." मी विनोद केला होता, पण ते जरा जास्तच हसले आणि ते हसू माझ्या मनातून जाईना. आमची जमीन त्यांच्यापेक्षा खोल, आमचे लोक त्यांच्याइतकेच कष्टाळू, मग आमच्याच नशिबी होळीनंतर उजाड का? माणसं कालवे का काढत असतील, शहरं का बांधत असतील, याचं खरं उत्तर मला तेव्हा कळायला हवं होतं. बऱ्याचदा त्यामागे शेजाऱ्याच्या हिरव्याकडे पाहून झालेली जळजळ असते. मी हे कधी पोरांना लिहून दिलं नाही.

बाबांची तेरवी झाली, पाहुणे गेले आणि तिसऱ्या दिवशी मी दादापुढे विषय काढला. बोअर मारू. गहू घेऊ.

"बाबा नाई म्हनत," दादा म्हणाला.

"बाबाच्या वेळेस मोटर होती का? खाली खोल गेलं का पानी गोड लागते."

हे मी कुठं वाचलं नव्हतं. दर्यापूरच्या बसस्टँडवर चहा पिताना कुणाकडून तरी ऐकलं होतं. दादा बराच वेळ नखानं खाटेची सुतळी खरवडत बसला. मग म्हणाला, "तू शिकेल मानूस. तू म्हनतं तं बरोबरच असन."

बोअरला पाणी लागलं त्या दिवशी दादा, वहिनी आणि मी वावरात होतो. दादानं ओंजळ भरून तोंडात घेतली, जीभ फिरवली आणि म्हणाला, "गोड हाय." मी चव घेतली. मलाही गोडच लागलं, फार तर जरासं मचूळ. जन्मभर खारं पाणी प्यायलेल्या आमच्या जिभांना याहून वेगळं काय कळणार होतं? वहिनीनं घोट घेतला आणि तिथंच थुंकला.

"हे खारंच हाय," ती म्हणाली.

"तुले माहेराचं पानी आठवते," दादा हसून म्हणाला आणि मीही त्याच्या हसण्यात सामील झालो. तिच्या जिभेवर कुणी विश्वास ठेवला नाही. तिथं गोड्या पाण्यावर वाढलेलं माणूस तेवढं एकच होतं आणि ते सून होतं.

पहिल्या वर्षी गहू असा आला की सांगता सोय नाही. फेब्रुवारीत आमच्या वावरात हिरवं उभं होतं आणि रस्त्यानं जाणारे लोक गाड्या थांबवून पाहत होते. मी अमरावतीहून मुद्दाम जाऊन फोटो काढले आणि संत्रेवाल्या सहकाऱ्याला पाठवले. दुसऱ्या वर्षीही तसंच. आमचं बघून गावात आणखी सातआठ बोअर झाल्या. बंद पडलेली चक्की सुरू झाली. अकोल्याला कामाला गेलेली दोन घरं परत आली, फाट्यावर चहाची टपरी बसली, शाळेला रंग लागला. दादा लोकांना सांगायचा, "हे मायावाल्या भावाचं डोकं." मी खुर्ची टाकून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसायचो आणि लोक सल्ला विचारायला यायचे. बाबा चुकले आणि मी बरोबर निघालो, या आनंदानं माझी छाती फुगली होती. नंतर जे झालं त्याहून मला त्या खुर्चीची जास्त लाज वाटते.

तिसऱ्या पावसाळ्यात पाणी जिरेना. चार दिवस झाले तरी वावरात तळं तसंच. दादा म्हणाला, पाऊसच मोठा झाला. वाफसा आला असं वाटून वखर घातला तर कुठं चिखलाची राबडी, कुठं विटेसारखी ढेकळं. कपाशी उगवली आणि पानांच्या कडा करपून बसून राहिली. हिवाळ्यात गहू पेरला, तो विरळ आला, त्याला आम्ही आणखी पाणी दिलं. होय, आणखी पाणी दिलं. पीक सुकतंय असं दिसलं की माणूस दुसरं काय करतो? उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी खपली आली. सकाळच्या उन्हात ती चकाकायची. दादा ती हातानं गोळा करायचा आणि पांदणीत नेऊन टाकायचा. रोज. मी एकदा ते पाहिलं आणि मिळेल त्या एसटीनं अमरावतीला परतलो.

मी पुस्तकं काढली. माझ्याच हस्ताक्षरातल्या नोट्स काढल्या. सगळं तिथं होतं, क्रमवार होतं, लाल शाईनं अधोरेखित होतं. पहिली काही पिकं उत्तम येतात, हेही लिहिलेलं होतं. एकतीस वर्षं मी हे दुसऱ्यांचं म्हणून शिकवलं. वहिनी मला एरवी उलटून बोलत नाही. त्या उन्हाळ्यात जेवायला वाढता वाढता ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुमी पोरायले शिकवत होते का नुसतं वाचून दाखवत होते?" मी खाली मान घालून जेवलो.

बाकीच्या बोअरवाल्यांचंही एक-दोन वर्षांच्या अंतरानं तेच होत गेलं. परत आलेली दोन घरं पुन्हा अकोल्याला गेली. टपरी उठली. मला कुणी शिव्या दिल्या नाहीत, आणि त्याचा जास्त त्रास होतो. रस्त्यात भेटले की म्हणतात, "सर, कधी आले?"

या वर्षी दादानं वावराच्या चारही कोपऱ्यांची आणि मधली माती पिशव्यांत भरली, वहिनीच्या जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. अकोल्यात माती तपासणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे मी ती घेऊन गेलो. त्यांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि एक ढेकूळ अलगद सोडलं. ढेकूळ विरघळलं, पाणी गढूळ झालं. आम्ही चहा प्यायलो, घरच्यांची चौकशी झाली, तासभर गेला. गढूळ पाणी तसंच होतं; चांगल्या मातीचा गाळ तळाशी बसतो, हा खाली बसायचं नाव घेत नव्हता.

"तुमी इतिहासाचे ना सर," ते म्हणाले. "मंग तुमाले काय सांगू?"

तरी त्यांनी सांगितलं. बोअर कायमची बंद करा. बांध घालून पावसाचं पाणी वावरातच धरा, त्यानं मीठ खाली ढकललं जाईल. जादा पाण्याला चर काढा. जिप्सम टाका, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून हिरवाच जमिनीत गाडा, हे दर वर्षी करा. मी विचारलं, जमीन येईल का परत?

"येते. बरीचशी येते. तुमच्या दादाचं वय काय?"

"एकाहत्तर."

त्यांनी ग्लास उचलून खिडकीत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेवढ्यात नाई येत, सर."

अकोल्याहून गावाला जाणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसलो आणि रडलो. शेजारच्या बाईनं विचारलं, कोणी वारलं का? मी नाही म्हणालो, पण डोळे थांबेनात. मला दादाला काय सांगायचं ते ठरवता येत नव्हतं. या माणसानं शाळा सोडली म्हणून मी शिकलो. त्याला कशाचा नाद नाही, देवदेव नाही, फिरणं नाही. ते वावर नीट असणं एवढंच त्याला लागतं, आणि ते मी त्याच्या हातून काढून घेतलं होतं.

दादा वावरातच होता, लिंबाखाली बसलेला. कडक ऊन होतं. मी बोअर बंद करण्यापासून धैंच्यापर्यंत सगळं सांगितलं. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. मग म्हणाला, "थ्या देशात झालं होतं ना असंच? तू सांगत होता बाबाच्या तेरवीले, मिठानं गेलेला देश."

"हो."

"त्याईचे वावरं आले का मांगून?"

मी त्या देशाचे फोटो पाहिलेले आहेत. मातीच्या ढिगांशिवाय तिथं काही नाही. नंतर राज्यं आली, मोठी आली, पण ती वर उत्तरेकडे, दुसऱ्यांची, दुसऱ्या जमिनीवर. संस्कृती पुन्हा उभ्या राहतात असं आम्ही शिकवतो आणि ते खोटं नाही. पुस्तकात दोन परिच्छेदांच्या मध्ये एक मोकळी ओळ असते, तिच्यात पिढ्यान् पिढ्या जातात. त्या ओळीत ज्यांचं आयुष्य जातं त्यांना काय सांगायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दादा माझ्याकडे पाहत होता, पहिल्या वेळेसारखाच, मी शिकलेला म्हणून.

"आले," मी म्हणालो.

"किती वर्सांनी?"

"सात-आठ."

दादानं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. दोनदा मोजलं. मग त्याच्या तोंडावर जे आलं ते मी गेल्या तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"म्हंजे मी पाहीन थे," तो म्हणाला.

"पाहशीन ना."

तो उठला, टोपी नीट केली, कुदळ घेतली आणि त्या उन्हातच खालच्या अंगाला बांध कुठून धरायचा ते पाहत निघाला. मी थोडा वेळ लिंबाखाली उभा राहिलो. मग टोपलं उचललं आणि त्याच्या मागे गेलो. त्यानं माती ओढली की मी टोपलं भरून बांधावर टाकत होतो, आणि मधून मधून तो थांबून मला विचारत होता, थ्या लोकाईनं अजून काय काय केलं होतं.