प्रज्ञावर राज्य

वाटूरच्या आमच्या अंगणवाडीत किस्से जमवावे लागत नाहीत. एक घरी सांगून होईपर्यंत दुसरा तयार असतो! पोरांना मिळून-मिसळून राहायला शिकवणं हे माझं काम, आणि त्यात मी पटाईत आहे. हे मी नाही म्हणत... बरं, मीच म्हणते!

आमचा सोहम म्हणजे वर्गाचा पुढारी. मी शिकवलं, कुणाला लागलं तर ‘सॉरी’ म्हणायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्याला सॉरी म्हटलं आणि मग दिला एक धपाटा.

मी ओरडले, तर म्हणतो, “सॉरी तं आधीच म्हणलो की, ताई!”

*

जालन्याहून प्रज्ञा नवीन आली. सगळे खेळायचे, ती दाराशी उभी. तिची आई एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “ताई, पोरीला एक बी दोस्त न्हाई. रोज रडून राह्यली.”

मला राहवलं नाही. वर्गात हुकूम सोडला, “सगळ्यांनी प्रज्ञाशी दोस्ती करा!”

पोरांनी लाइन लावली, एकेकानं हात मिळवला आणि सगळे पळाले खेळायला. सोहम लांबून ओरडला, “झाली दोस्ती, ताई!”

*

हुकूम फसला, पण मी कुठं हरते! सतरंजी घालायचं काम सोहम आणि प्रज्ञाला दिलं. सोहमनं आपलं टोक खस्सकन ओढलं, प्रज्ञानं तिचं सोडून दिलं. सोहम धपकन खाली!

प्रज्ञा खदाखदा हसली. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला.

सोहम उठला, चड्डी झटकली. “ए, परत कर ना!”

*

मग पोरांनी पकडापकडीत तिला घेतलं, पण कच्चं लिंबू म्हणून. म्हणजे नुसतं पळायचं. कुणी धरणार नाही, राज्य येणार नाही. बिचारी एकटीच गोल गोल पळायची. मला फार वाईट वाटलं.

या वेळी हुकूम नाही. खिचडी झाल्यावर मी सोहम झाले आणि तिच्याकडून बोलायची प्रॅक्टिस करून घेतली. आधी पुटपुटली, मग जरा मोठ्यानं बोलली.

दुसऱ्या दिवशी ती थेट सोहमसमोर उभी राहिली. “मी लिंबू न्हाई. मला बी धर!”

सोहमनं डोकं खाजवलं. “मंग पळ जल्दी!”

आई न्यायला आली, तेव्हा प्रज्ञा अख्खं अंगण ओलांडून धावत सुटली.

“मम्मी! मम्मी! मी आउट झाले!”