उखर्डूच्या नावाची सव्वा मूठ

आमच्या असोद्यात केळीचे मळे फार, आणि त्या मानाने अक्कल फार कमी. कुणाला ताप आला की लोक केळी घेऊन भेटायला येत. ताप उतरला की पुन्हा केळी घेऊन. बाळंतिणीला केळं, म्हाताऱ्याला केळं, आणि दात न आलेल्या पोराला तर केळं कुस्करून वर गूळ. या सगळ्या शहाण्यांचा म्होरक्या म्हणजे तोताराम नाना, आमच्या भाऊबंदकीतला सगळ्यात वडीलधारा. त्याच्या मळ्यातलं केळं कुणी नाकारलं तर जणू त्याच्या बापाला शिवी दिली. मी मूर्ख पुष्कळ पाहिले, सांगायला बसलो तर संध्याकाळ होईल. पण हातात केळी घेऊन येणारा मूर्ख सगळ्यात वाईट. त्याला हाकलता येत नाही.

हाकललं ते एकट्या भागाबाईने.

भागाबाई म्हणजे माझ्या शेजारच्या झुलालची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, सासरच्यांनी दोन लुगडी देऊन वाटेला लावली, तेव्हा ही जळगावला दवाखान्यात पोरांच्या वॉर्डात आया म्हणून लागली. आवाज असा, की तिने गल्लीत कुणाला हाक मारली तर गाडीचे बैल थांबत.

झुलालचा पहिला मुलगा अंगावर पीत होता तोवर लोण्याचा गोळा. उष्टावण झालं, गूळ-केळं सुरू झालं, आणि पोर ओकायला लागलं. घामाने थबथबायचं, डोळे पिवळे, पोट टम्म. जितकं वाळलं तितकी केळी जास्त आली. गेलं बिचारं. भागाबाईला निरोप गेला तो सगळं आटोपल्यावर.

दुसरा मुलगा झाला तेव्हा या विद्वानांनी काय करावं? त्याला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उखर्डू. म्हणजे असं घाणेरडं पोर पाहून मरण नाक मुरडणार आणि पुढच्या घरी जाणार! इतका बंदोबस्त केला, आणि उष्टावण होताच पुन्हा तेच केळं, तोच गूळ.

या वेळी ओकारीची बातमी कळताच भागाबाई आली, पोराला पदरात गुंडाळलं आणि मोटारीने जळगावला घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळं गोड बंद करून पाहिलं. पोर हळूहळू हसायला लागलं.

"हे जन्माचंच आहे," डॉक्टर म्हणाले. "आईबापांच्या रक्तातून आलंय. फळातलं, गुळातलं, साखरेतलं गोड याच्या शरीराला चालत नाही. यावर औषध नाही. ते तोंडात जाऊ द्यायचं नाही, हेच औषध. पण जन्मभर राखण कोण करणार?"

"आधी मी करते," भागाबाई म्हणाली. "मंग त्याचं तो करीन."

नोकरी सोडून ती भावाच्या घरी येऊन बसली. उखर्डूला दूध-भाकरी, मऊ भात, मिठाची पेज, वर तुपाचं बोट. आणि दाराशी चौकी. कुणी आलं की पहिला शब्द, "हात दाखव."

"अवं, मी त्याची आजी लागते!" भाऊबंदकीतली सुगंधाबाई एकदा तणतणली.

"लाग ना. हात दाखव. पदर झटक."

पदरातून केळं पडलं. भागाबाईने ते तिच्यादेखत म्हशीला घातलं. "हिले पचतं," म्हणाली. "हिची अन् तुमची जात एकच."

गाव तिला 'जळगावचं सरकार' म्हणायचं. तिला त्याची फिकीर नव्हती. फिकीर एकच, ती माझ्याकडे बोलून दाखवायची: "भाऊ, माही पाठ फिरली की हे मेले भरवतील. पोराले स्वतःले कळलं पाहिजे." म्हणून ती गुळाचा खडा त्याच्या नाकाशी धरायची, तोंड वाकडं करून "थू!" म्हणायची, आणि पोरगं खदखदून "थू!" करायचं.

उखर्डू तीन वर्षांचा झाला आणि श्रावणात आमची खानदेशी देवी कानबाई बसली. आमच्याकडे कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, पोरगं पाळण्यातलं असलं तरी. त्या गव्हाचे रोट, म्हणजे पुरणाच्या पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायच्या. एक कण टाकायचा नाही, बाहेरच्याला द्यायचा नाही.

"भागे, उखर्डूची मूठ घेतली आहे," तोताराम नाना गरजला. "त्यानं रोट खाल्ला नाही तर कानबाई माय बठ्ठ्याच्या बठ्ठ्या कुळावर कोपीन."

"गहू त्याच्या नावाचे ना, नाना? मंग गूळ कोणाच्या नावाचा?"

नानाने झुलालकडे पाहिलं. झुलाल, पोराचा सख्खा बाप, आढ्यातली कोळिष्टकं निरखत होता. शेळीला पगडी घातली तर अशीच दिसेल.

"त्याची सव्वा मूठ मले द्या," भागाबाई म्हणाली. "बिनगुळाचा रोट भाजते. मायले गहू पोचले, झालं."

नाइलाजाने नानाने सव्वा मूठ कणीक दिली, आणि ती चुलीकडे वळली.

ती वळली, आणि या देवमाणसाने काय केलं? पोराला मांडीवर ओढलं, पुरणाचा गोळा केला, "घे राजा, मायचा प्रसाद," म्हणून सरळ तोंडात कोंबला. मी ओरडलो. भागाबाई उलथणं टाकून धावली. तिचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला होता.

उखर्डूने नाक मुरडलं. गाल फुगवले. आणि "थू!"

सगळं पुरण नानाच्या कोऱ्या करकरीत धोतरावर.

प्रसाद थुंकला! नाना लालबुंद होऊन उठायला गेला, तोच भागाबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. पोराचं तोंड बोट फिरवून पुसलं, पाण्याने धुतलं, आत काही उरलं नाही हे पाहिलं. मग नानाकडे वळली.

"नाना, रोट हाये. कण टाकता येत नाही. पोराचं उष्टं आज्यानं खायचं, दुसरं कोण खाणार?"

सगळी भाऊबंदकी बघत होती. तोताराम नानाने मान खाली घालून धोतरावरचं पुरण वेचून खाल्लं. असं जेवण मी पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भागाबाईने दाराशी हात बघणं बंद केलं. पुढच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, ती जळगावला आपल्या वॉर्डात परत गेली. उखर्डू दारात उभा राहायचा, आणि नाना गल्लीच्या टोकाला दिसला तरी ओरडायचा, "आबा, हात दाखव!"