बोरीच्या गाडीचा मॅनिफोल्ड

बॉनेट उघडलं आणि जळक्या लोकरीचा वास आला. इंजिनावर ओली घोंगडी पांघरलेली होती. तिची एक कड करपली होती.

"आबासाहेब, हे काय हाय?"

"घोंगडी," ते शांतपणे म्हणाले. "दौडून आलेल्या घोड्यावर झूल टाकल्याबिगर बांधत न्हाईत, मिस्त्री. गाडीबी परभणीहून आली की तापलेली असती. उघडी ठेवली तर गारवा बाधंल."

"अन् ओली कशाला?"

"कोरडी जळती."

आबासाहेब म्हणजे बोरीचे देशमुख. विलीनीकरणानंतर त्यांची जहागिरी गेली, घोडे विकले गेले, ही एक विलायती गाडी राहिली. ती चढाला दम टाकायला लागली, फुरफुरायला लागली, म्हणून त्यांनी मला परभणीच्या माझ्या गॅरेजातून बोलावून घेतलं होतं.

ही गाडी मी लहानपणापासून ओळखत होतो. आमच्या घरी मेंढरं. गाडी रस्त्यानं आली की मेंढरं कडेला घेऊन उभं राहायचं आणि ती गेल्यावर पेट्रोलचा वास संपेपर्यंत हलायचं नाही, हा माझा नेम. पुढं कापसाच्या जिनिंगमध्ये कोळसा ओढत इंजिन शिकलो, गॅरेज काढलं, बऱ्याच गाड्या हाताखालून गेल्या. मन मात्र हिच्यातच राहिलं.

घोंगडी काढली तेव्हा खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दिसला. इंजिनातला जळका धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारा हा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग. हाताच्या बोटांसारखा दिसतो. इंजिनात सगळ्यात जास्त तापतो तोच. तापलेल्या बिडावर रोज ओली लोकर पडली, तर गंज चढणारच. मी पान्यानं ठोकलं, तर पापुद्रे गळाले. जोडातून धूर फुटू न देणारं गॅस्केट जळून तिथून धूर फुटत होता. फुरफुर होती ती त्याचीच. बिडाला अजून चीर नव्हती. पण चीर गेली असती तर गाडी संपली होती, कारण कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलं होतं आणि मुंबईच्या भंगार बाजारातही हा पार्ट मिळत नव्हता.

माझं डोकं फिरलं. "गाडी म्हंजी काय घोडी हाय का? जित्या गाडीवर कफन घातलंय तुमी!"

"आवाज खाली, मिस्त्री. ही बोरी हाय."

आवाज मी खाली आणला. सौदा आवाज चढवून होत नाही, हे मला ठाऊक होतं.

"वाचवतो गाडी," मी म्हणालो. "दर साली येऊन बघतो. मजुरी नको. पन विकायची झाली, तर आधी मला विचारायचं."

"विकायची कोन म्हनलं?"

"कुनीच न्हाई. पन विचारायचं."

त्यांनी घोंगडीची करपलेली कड चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाले, "जबान दिली."

नट गंजून बसले होते. रॉकेल सोडून ते मुरू दिलं, मग मॅनिफोल्ड उतरवला. वायर ब्रशनं घासला, पॉलिश पेपर मारला, पेट्रोलनं पुसला. साधा रंग इथं चालत नाही, पहिल्याच चढाला जळून जातो. जिनिंगच्या फिटरकडून ग्रॅफाइटची काळी भुकटी आणली होती. घाण्यावरचं जवसाचं तेल उकळून त्यात ती कालवली आणि फडक्यानं पातळ हात दिला. जाड दिला तर पोपडे धरतात. नवीन गॅस्केट घालून मॅनिफोल्ड बसवला आणि इंजिन सुरू केलं. बॉनेटमधून धूर उसळला.

"अवो, पेटली का काय!" आबासाहेब ओट्यावरून ओरडले.

"पेटली न्हाई, भाजायलीय. नवा बिडाचा तवा तेल लावून भाजत न्हाईत का? तसंच."

गार झाल्यावर दुसरा हात दिला, पुन्हा तापवलं. मॅनिफोल्ड काळाशार झाला.

"मंग आता वरून पांघरायचं काय?"

"काय बी न्हाई. उलट बॉनेट जरा उघडं ठेवायचं."

"तशीच गार पडू द्यायची?" घोड्यांच्या माणसाला ते पटत नव्हतं. तरी त्यांनी घोंगडी घडी करून गड्याकडे दिली.

त्यानंतर दर उन्हाळ्याच्या अखेरीस मी बोरीला जायचो, लेप द्यायचो, एक चक्कर मारायचो. गॅरेजला नवी शेड घातली तेव्हा दाराची रुंदी त्या गाडीच्या मापानं ठेवली. गवंड्यानं विचारलं, इतकं मोठं दार कशाला? मी पुन्हा माप धरून दाखवलं.

मग आबासाहेब वारले. दिवसकार्याला गेलो तेव्हा गाडीचा विषय काढणं शोभलं नसतं. काही महिन्यांनी ती गाडी माझ्या त्याच दारातून आत आली. चालवत होता पाथरीच्या एका कापूस व्यापाऱ्याचा ड्रायव्हर.

"शेठनी घेतली," तो म्हणाला. "मॅनिफोल्डला लेप द्या म्हनलेत."

मी तडक बोरी गाठली. आबासाहेबांचे चिरंजीव दिगंबरराव ओट्यावर बसले होते.

"तुमच्या वडलांनी मला जबान दिली होती!"

"दिली असंल. मला कुठं ठावं?" ते म्हणाले. "बसा तर खरं. अन् ऐका मिस्त्री, शेठ गाडी घ्यायला तयारच नव्हता. जुनी हाय म्हनला. मंग बॉनेट उघडलं. एवढ्या सालाची गाडी अन् मॅनिफोल्डवर गंजाचा ठिपका न्हाई! तिथंच सौदा केला त्यानं. तुमचं नाव सांगितलं मी, लय तारीफ केली."

मी चहा न घेता उठलो. देशमुखांच्या घरचं काम त्या दिवसापासून बंद केलं, ते बंदच आहे.

गाडीचं काम मात्र सोडलं नाही. दर साली पाथरीहून ती येते. मी लेप देतो, भाजतो, ड्रायव्हरला चहाला बसवतो आणि ट्रायल म्हणून एकटाच जिंतूर रोडला निघतो. ट्रायलला थोडंसं अंतर पुरतं. मी तितक्यात कधीच परतत नाही. मग परत येऊन किल्ली ड्रायव्हरच्या हातात देतो आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात पुसत बसतो.

नव्या मिस्त्र्यांना सांगण्यासारखं एवढंच. लेप पातळ द्यावा, दोनदा भाजावा, वर पाणी पडू देऊ नये. आणि गाडीवर मन बसलं असेल, तर सौदा मॅनिफोल्ड गंजलेला असतानाच पुरा करावा. लेप मागाहून द्यावा.