बोरीची फांदी आणि माशेझी

डर्बनच्या किनाऱ्यावर, इमारतींच्या रांगेपुढे, खचलेले वाळूचे उंचवटे पुन्हा उभे करायचं काम आमच्या चर्चमधल्या माशेझीकडे आहे. काटक्यांची आडवी कुंपणं रोवायची, वाऱ्याबरोबर आलेली वाळू तिथे अडली की ती धरून ठेवणारी मर्यादवेल लावायची. काम चिवट, बाईही तशीच. गुरुवारच्या प्रार्थनेला येते तीसुद्धा नखांत वाळू घेऊन.

मार्चच्या उधाणाआधी वेल धरली नाही तर तुम्हा आठही बायकांचं काम बंद, असं मुकादमाने माशेझीच्या टोळीला बजावलं होतं. आणि वेल तर कुणीतरी उपटत होतं. तीही नेमकी रांगेतल्या एका उंच इमारतीसमोरची; उंचवटे वाढले की समोरचा किनारा झाकतो, अशी तिथल्यांची कुरकुर होती. काम लांबावं म्हणून तुम्हीच उपटता, असं मुकादम तोंडावर म्हणाला. बायका एकमेकींच्या पिशव्यांकडे बघू लागल्या. मी सकाळी त्यांना चहा नेऊन देते. देवापुढे खोटं कशाला, मीही माशेझीच्या पिशवीत डोकावले.

एका माणसावर मात्र कुणाचाच संशय नव्हता. पहाटे तो बोरीची काटेरी फांदी घेऊन, खांद्याला पिशवी लावून यायचा. बुडून गेलेल्याचा आत्मा आमच्यात अशा फांदीवर घेऊन घरी नेतात. नेणारा वाटेत फक्त मयताशी बोलतो, म्हणून त्याला कुणी हटकत नाही. आम्ही माना खाली घालायचो.

"किती जण बुडाले गं याचे?" माशेझी मला म्हणाली. "आणि रस्ता ओलांडताना फांदीला सांगतही नाही. माझ्या भावाला आणलं तेव्हा ओढ्या-ओढ्याला सांगत होते मी, चल रे, पाणी लागलंय."

शुक्रवारी ती त्याच्या वाटेतच बसली, गुडघे टेकून. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोलली ती फांदीशी.

"बाबा, वाट अडवली, माफ करा. कुळाचं नाव कळलं तर मानाने निरोप देऊ."

खरंच मयत नेणाऱ्याने त्याच्या कुळाची नावं घडाघड घेतली असती. हा मात्र म्हणाला, "बाजूला हो, मावशी."

"माझ्याशी बोललास? मग आता पिशवीही दाखव."

पिशवीत ओल्या मुळांसकट वेल होती. कुणी पाठवलं ते त्याने सांगितलं नाही. फांदी टाकून निघून गेला. वर सातव्या मजल्यावरचा पडदा हलला, तो मी पाहिला.

पिशवी बघून मुकादमाने उधाणाची अट मागे घेतली. माफी काही मागितली नाही.

फांदीला कुणी हात लावेना. "असलंच कुणी तिच्यात तर?" म्हणत माशेझीने ती उचलली, चार शब्द बोलली आणि पहिल्या कुंपणात खोवली. आता तिथे घोट्याएवढी वाळू साठली आहे. चहा देताना माझी नजर मात्र अजून सातव्या मजल्याकडे जाते.