मी अयानची दूधआई झाले

माझं दूध आटत चाललं होतं अन् मी देवावर रुसले होते. तिथूनच सुरू करते, कारण त्याच्या आधीचं सांगण्यासारखं काय नाय. शिक्षण माझं आठवीपोहोत, तीबी अर्धीच, तवा लिहिण्यात चुकलं तर पोटात घाला. आमच्या चर्चच्या पाळकबाई म्हणल्या, "तू बोलतीस तशीच लिही गं, जोड लावू नको," म्हणून बसले.

आमची खोली बजाजनगरला. एका रांगेत खोल्या, मधी एकेक भिंत, इकडं फोडणी दिली की तिकडं ठसका लागतो. हे कंपनीत हेत, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. माझी आई माझ्या लग्नाआधीच देवाघरी गेली, म्हणून बाळंतपणाला सासूबाई आल्या गंगापूरहून. त्यांना मी आत्याबाई म्हणते. लेक झाली, सलोमी नाव ठेवलं, आम्ही सलू म्हणतो. इवलीशी, मांजराच्या पिलावानी. छातीला लावली की दोन घोट घ्यायची अन् झोपायची, उठवली की कुईकुई करायची, परत झोपायची. दवाखान्यात काट्यावर ठेवली की सिस्टरचं तोंड बारीक व्हायचं. "बाळ ओढत नाही, पाजत राहा," म्हणायच्या. मी पाजत ऱ्हायचे अन् मलाच कळत चाललं होतं की आत काय उरलंच नाय. ह्यांनी पावडरचा डबा आणला, तर पोरगी वाटीभर पाजलं की तेवढंच ओकायची.

आत्याबाईंनी काय करायचं ठेवलं नाय. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकर दुधात कुस्करून. एकदा माझ्या रिकाम्या ताटाकडं बघून म्हणल्या, "एवढं म्हशीला घातलं असतं ना, तर आतापोहोत डेअरी निघाली असती." त्या चेष्टेत म्हणल्या, मी मोरीत जाऊन रडले. आत्याबाई तशा देवभक्त, रोज पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणार, पण सलूच्या गालाला काजळाचा टिक्का लावायलाबी विसरायच्या नाय.

अन् मी प्रार्थना करायचे. करायचे म्हणजे काय, भीकच मागायचे. सलूला मांडीवर घेऊन, प्रभू येशू, दूध दे, बाकी मला काय नको, घर नको, दागिना नको, एवढं दूध दे. तो गप. चर्चमधी सगळ्या बाया पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, विश्वास ठेव. मला वाटायचं, विश्वास काय लेकराच्या तोंडात घालता येतो का? पोरीच्या बरगड्या बोटाला लागायच्या अन् माझ्या मनात नाय नाय ते यायचं, ते मी इथं लिहित नाय.

आमच्या शेजारी दादी राहतात. लेक रिक्षा चालवतो, सून शबाना, अन् तिचा पोरगा अयान, सलूपेक्षा थोडाच मोठा. शबाना अन् मी संगंच पोटुशी होतो, दारात बसून तांदूळ निवडायचो, कुणाला काय होतंय म्हणून एकमेकींची मजा करायचो. तर त्या शबानाला ताप भरला, असला की उतरायचं नाव नाय. मोठ्या दवाखान्यात भरती केलं, नवरा तिथंच तिच्यापाशी, डॉक्टरनी लेकराला जवळ आणू दिलं नाय. अन् अयान काय बाटली धरंना. बूच थुकून टाकायचा, चमचा सांडायचा. त्याचं रडणं भिंतीतून सारखं यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सलूचे लंगोट वाळत घालत होते अन् एकदम ध्यानात आलं, रडणं बंद झालंय. मी हातातला लंगोट तसाच टाकला.

तेवढ्यात दादी दारात. ओढणीत अयान. त्याची मान एका बाजूला पडलेली, व्हट कोरडे.

"बेटा, रिक्षा मँगाई मैं, दवाखाने कू लेके जारी. पन आवाज बी नै निकल रा इसका. एक बार लगा के देख. तेरे पाँव पडती मैं."

आत्याबाई मधी झाल्या. "अहो दादी, हिच्या सोताच्या लेकराला पुरंना, तुमचं कुठून पाजंल?" अन् माझ्या कानाशी, "ऐक माझं, दुसऱ्याचं लावलं की उरलंसुरलंबी आटतं."

मी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली होती. झोळीत सलू झोपलेली. माझ्यात जे काय घोटभर असंल ते तिचं. मी आई हाय ना तिची? अन् त्याच वेळी मनात आलं, मी रोज ज्याच्याकडं मागते तो बोलत नाय, अन् आज कुणीतरी माझ्याच दारात मागायला आलंय, अन् मागतंय तेबी नेमकं तेच जे माझ्याजवळ नाय. मला त्याचा राग आला, खरंच आला. अन् त्या रागातच मी म्हणले, येशू, माझ्याच्यानं होत नाय आता, हे बी लेकरू तुझं, ते बी तुझं, तूच बघ. अन् अयानला घेतलं.

आधी त्याच्यात जोरच नव्हता. मी पिळून थेंब थेंब त्याच्या व्हटावर सोडलं. त्यानं जीभ काढली. परत थेंब सोडला. अन् मग त्यानं असं धरलं, असं धरलं, वासरानं ढुशी द्यावी तसं, मी ओरडलेच. डोळ्यातून पाणी आलं, पण काढून घेतलं नाय. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून पुटपुटत होत्या, मला वाटलं मला शिव्या घालत्यात, नंतर कळलं प्रार्थना करत होत्या. किती वेळ गेला काय माहीत. अन् मला दुसऱ्या बाजूला ओलं लागलं. वाटलं, तांब्या कलंडला. खाली बघते तर माझं पोलकं भिजलेलं, पदर भिजलेला.

"अगं बया!" आत्याबाई ओरडल्या. "सलूला आणते, थांब, हलू नको!"

झोळीतून तिला तशीच उचलली अन् दुसऱ्या बाजूला लावली. तिला ओढायची गरजच नव्हती, दूध आपलं तोंडात पडत होतं. तिला ठसका लागला, शिंकली, अन् मग डोळे उघडून गटागटा प्यायला लागली, गटागटा, मी असा आवाज कधी ऐकलाच नव्हता. दोन्हीकडं दोन लेकरं. दादी "या अल्लाह, या अल्लाह" करत माझे पाय दाबत होत्या अन् आत्याबाई "हालेलुया" म्हणत दादीच्याच ओढणीला डोळे पुसत होत्या.

दादी मग अयानला दाखवून आल्या. डॉक्टर म्हणले, पाजत राहा, सावरंल.

संध्याकाळी दादी परत आल्या अन् गंभीर तोंड करून म्हणल्या, "सुनो, हमारे में दूध पिलाया तो माँ हो गई. अब ये दोनों भाई-बहन. इनका निकाह कब्बी नै हो सकता, याद रखना."

आत्याबाई म्हणल्या, "व्हय दादी, पण आधी दोघांना बसता तरी येऊ द्या!" त्या दिवसात आम्ही पहिल्यांदा हसलो.

त्यानंतर दोघंबी माझ्यापाशीच प्यायले. सिस्टरनी सलूला काट्यावर ठेवलं, परत उचलून परत ठेवलं, अन् हसल्या. म्हणल्या, "जोरदार बाळानं ओढलं की दूध उतरतं, असं होतं." असंल. सिस्टर शिकलेल्या हेत, मी नाय म्हणत नाय. मी फक्त एवढंच म्हणते, त्या पोराला माझ्या दारात आणलं कुणी, अन् माझी मूठ उघडली कुणी.

शबाना बरी होऊन आली, काडीसारखी झालेली. मला भीती, हिला काय वाटंल? तिनं अयानला घेतलं तर तो माझ्याकडं झेपावला. ती म्हणली, "वा रे बेवफा!" अन् मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून किती तरी वेळ रडली.

सलूच्या बाप्तिस्म्याला पाळकसाहेब म्हणले, बाळाच्या घरचे पुढं या. हे, आत्याबाई, मी, पुढं गेलो. तर मागच्या बाकावरून दादी उठल्या, कडेवर अयान, मागं शबाना, अन् सरळ पुढं आल्या. कुणीतरी कुजबुजलं, ह्या कोण? आत्याबाई, दारात आडव्या झालेल्या त्याच आत्याबाई, वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणल्या, "आमचेच हेत. पोरीचा भाऊ हाय तो." पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी घातलं तशी सलू अशी दणदणीत रडली की बायांनी टाळ्याच वाजवल्या.

मी भित्रीच हाय अजून. गाडीला भिते, कुत्र्याला भिते, डॉक्टरला भिते. पण एक गोष्ट मला कळली, जिवात जीव असंपोहोत विसरणार नाय. माझं भरलं की मग दुसऱ्याला देईन, असं म्हणत बसले असते तर दोन लेकरं उपाशी ऱ्हायली असती. प्रभूनं मला रिकामी असतानाच वाढायला उभं केलं, अन् वाढता वाढता भरलं. त्याची स्तुती असो. थांबते आता, सलू उठली, भुकेची वेळ झाली तिची, अन् मला त्या वेळेची आता भीती वाटत नाय.